जरा खिडकीशी या

शरयूताई कुणाच्याही घरी गेल्या की आधी खिडकी शोधत. यजमानीण "बसा ना" म्हणत असे, आणि त्यांची नजर सोफ्यावरून, देव्हाऱ्यातल्या इलेक्ट्रिकच्या निरांजनावरून सरकत, जिथे बाहेरचा उजेड खरोखर आत आला असेल तिथे जाऊन टेकत असे. मग थोड्या वेळाने कुण्या काकांचा दंड अलगद धरून त्या म्हणत, "जरा खिडकीशी या. हं. आता छताकडे बघा." अंगठ्याने खालची पापणी किंचित ओढून त्या डोळ्यातला पांढरा भाग न्याहाळत. बहुतेक वेळा "ठीक. जा, जिलेबी खा," एवढ्यावर सुटका होई. क्वचित आवाज खाली येई: "उद्या मला फोन करा. उद्या म्हणजे उद्याच."

त्या यकृताच्या डॉक्टर होत्या. घराघरांतल्या मधाळ, पिवळ्या दिव्यांवर त्यांचा मनस्वी राग होता. "या उजेडात कावीळ लपते," त्या म्हणत. "माणूस सुंदर दिसतो आणि आतून आजारी असतो." अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलमध्ये वसंत येतो तो पाइनच्या परागांची पिवळी भुकटी घेऊन. गाड्यांच्या टपांवर, अंगणातल्या खुर्च्यांवर, दाराच्या मुठींवर, जिभेच्या टोकावरसुद्धा ती बसते. खिडक्या आठवडेच्या आठवडे बंद ठेवाव्या लागतात. अशा एका सकाळी शरयूताई आपल्या गाडीच्या काचेवर बोटाने रेघ ओढून मला म्हणाल्या होत्या, "बघ, अख्ख्या गावाला कावीळ झालीय. कुणाकुणाला ॲडमिट करू?"

त्यांचे आणि आमचे टाउनहोम एकमेकांना चिकटून होते. मध्ये एकच भिंत, तीही अमेरिकन, म्हणजे पुठ्ठ्यासारखी. तिच्यापलीकडून रोज भल्या पहाटे एक आवाज येई: दगडी ओट्यावर ठेवलेल्या स्टीलच्या पेल्याचा. टणत्कार नव्हे, त्याहून मऊ. एखाद्या शब्दाचा शेवटचा स्वर लांबावा तसा. त्यानंतर तासभर काहीही ऐकू येत नसे. ना मिक्सर, ना कुकर, ना कपबशी. मी पुण्याला कवितेचा अभ्यास केलेला. शांततेलाही मात्रा असतात हे शिकले होते. ती शांतता मात्र मला कळत नव्हती.

ती कळली ती एका अपमानातून. आम्ही नुकतेच राहायला आलो होतो आणि शरयूताई शेजारधर्माने भेटायला आल्या. मी तांब्याच्या जगमधून तांब्याच्याच पेल्यात पाणी ओतले आणि पुढे केले.

"नको. पाणी नको."

"अहो ताई, निदान घोटभर."

"नळाचं दे. काचेच्या ग्लासात."

"हे फिल्टरचंच आहे. रात्रभर तांब्यात ठेवलेलं. चांगलं असतं ना."

"तुला चांगलं असेल," त्या म्हणाल्या. "मला विष."

घरी आलेल्या माणसाने पाण्याला नाही म्हणणे आपल्याकडे साधे नसते. मी हसले, कारण मला तो विनोद वाटला. पण त्या हसत नव्हत्या. त्यांनी माझ्या हातातला पेला घेतला, त्याच्या लालसर कडेवरून बोट फिरवले, जुन्या ओळखीच्या माणसाच्या गालावरून फिरवावे तसे, आणि परत माझ्या हातात दिला.

पुढे ओळख मुरल्यावर त्यांनीच सांगितले. तांबे अन्नापाण्यातून सगळ्यांच्याच पोटात जाते. जास्तीचे असेल ते यकृत पित्ताबरोबर बाहेर टाकते. काही थोड्या माणसांच्या यकृताला जन्मतःच ते दार नसते. आलेले सारे आतच राहते: आधी यकृतात, मग मेंदूत, आणि डोळ्यांच्या बुबुळाभोवती तपकिरी-सोनेरी कड्यासारखे. विल्सनचा आजार म्हणतात त्याला. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असे दोन्ही बिघाड एकत्र आले तरच तो होतो. आईवडील स्वतः धडधाकट असतात.

शरयूताईंचा थोरला भाऊ नंदू याच आजाराने गेला. वाईला, कॉलेजात असताना. आधी त्याचे अक्षर बिघडले, मग बोलणे जड झाले, मग स्वभाव. मित्र म्हणाले, नशा करतो. नातेवाईक म्हणाले, बाहेरचे काही आहे. वेड्यांच्या डॉक्टरांनी झोपेची औषधे दिली. खरे नाव सापडले तेव्हा यकृत संपले होते. शाळकरी शरयूला तेव्हा तपासले. तिच्यातही तेच निघाले, पण अजून काही दुखत-खुपत नव्हते. औषध सुरू झाले आणि ती जगली.

त्या वेळच्या डॉक्टरांनी आईला एक वाक्य सांगितले होते: "तांब्याच्या भांड्यातलं पाणी आता बंद." ती पथ्याची सूचना होती. आईने ती निकालासारखी ऐकली. रोज सकाळी तांब्याचा हंडा तीच भरत होती, दोन्ही मुलांना आपल्या हाताने पेला भरून तीच देत होती. "तेव्हापासून ती स्वतःला नंदूची खुनी समजते," शरयूताई म्हणाल्या. "हंडा वापरत नाही. पण टाकतही नाही. चिंच लावून घासते, चकचकीत करते आणि परत फळीवर ठेवते. मला एवढंच करायचंय, तिच्या डोक्यावरून तो हंडा उतरवायचाय. आणि मी इथे."

'इथे' हा शब्द त्या दाताखाली खडा आल्यासारखा उच्चारत.

कारण इथून हलणे सोपे नव्हते. भारतात सहज मिळणारी गोळी त्यांच्या मूत्रपिंडांना सोसली नव्हती. जी कॅप्सूल सोसली ती तिकडे सहज मिळत नसे. इथे ती नोकरीच्या विम्यावर मिळे, नोकरी व्हिसावर टांगलेली होती, आणि व्हिसा ग्रीन कार्डच्या त्या न सरकणाऱ्या रांगेवर. हॉस्पिटलात त्यांच्या खोलीला जमिनीपासून छतापर्यंत काच होती. उजेड भरपूर, पण एकही तावदान उघडत नसे. "माझं अगदी त्या तांब्यासारखं आहे बघ," त्या एकदा म्हणाल्या. "आत घेतलं. बाहेरचं दार करायचं राहिलं."

ती कॅप्सूल फ्रिजमध्ये, अंड्यांच्या कप्प्यात राही. दिवसातून दोन-तीनदा रिकाम्या पोटी घ्यायची आणि मग तासभर काही खायचे नाही. पहाटेची शांतता ती. त्यामुळे आमच्या पंगतींत शरयूताई नेहमी वेळेबाहेर असत. लोक श्रीखंड वाढून घेत तेव्हा त्या घड्याळ बघत, आणि लोक हात धुऊन आले की एकट्या पान घेऊन बसत. तांबे जास्त म्हणून काजू बाजूला काढत, तीळ झटकत, चॉकलेट मुलांना वाटून टाकत. काही बायका म्हणत, "डॉक्टरीणबाईंचे नखरे." त्यांनी कधी खुलासा केला नाही. "आजार सांगितला की लोक आपल्याला ताटलीत घेऊन बघतात," त्या म्हणत. "बघायचं काम माझं आहे."

आणि बघत त्या कशा! बापटकाकांची हकीकत सांगायला हरकत नाही, कारण काका स्वतःच ती प्रत्येक जेवणात रंगवून सांगत. नागपूरहून मुलाकडे पाहुणे म्हणून आले आणि ऐन थंडीत पिवळे पडले. हॉस्पिटलात मुलाने सगळ्या प्रश्नांना इंग्रजीत उत्तरे दिली: दारू नाही, सिगरेट नाही, औषध कुठलेही नाही. मग शरयूताई आल्या, पलंगाजवळचे दिवे घालवून त्यांनी पडदा सारला, काकांचे डोळे उजेडात पाहिले आणि कडेला बसल्या.

"काका, औषधं कुठली घेता?"

"छे! आयुष्यात गोळीला हात लावला नाही."

"बरं. सकाळी उठल्यावर पोटात पहिल्यांदा काय जातं?"

"कोमट पाणी."

"नुसतं?"

"लिंबू. मध."

"आणि?"

"आणि काय... ते आपलं गुळवेलीचं. काढा. पण ते औषध नव्हे हो, घरचं आहे!"

"घरी वेल लावलाय?"

"इथे कुठला वेल? पावडर आणलीय ना बॅग भरून. प्रतिकारशक्तीला."

"किती घेता?"

"चमचाभर. हल्ली दोन. इथे थंडी किती आहे!"

"बाबा, यू नेव्हर टोल्ड मी!" मुलगा ओरडला.

"तू औषधं विचारलीस," काका शांतपणे म्हणाले. "घरचं कुठे विचारलंस?"

प्रतिकारशक्ती खरोखरच जागी झाली होती, आणि जागी होऊन आपल्याच यकृतावर तुटून पडली होती. यकृताचा तुकडा काढून तपासला, त्यातही तेच दिसले. पण प्रश्न त्यापुढे होता, आणि तो शरयूताईंनी काकांना समजावून दिला तसे कुणी कुणाला काही समजावून दिल्याचे मी ऐकलेले नाही. "दोन शक्यता आहेत. एक, काढ्याने तिला चिथावलं. काढा गेला की ती निवेल. दोन, ती मुळातच बिथरलेली होती, काढा फक्त निमित्त. मग गोळ्या वर्षानुवर्षं. आज दोन्ही सारखीच दिसतात. आधी स्टेरॉइडने आग विझवू. मग हळूहळू गोळी कमी करू आणि बघू, पुन्हा पेटतं का."

तो हिवाळा बापटकाकांनी आमच्या बंद गल्लीत फेऱ्या मारून काढला. डोक्याला माकडटोपी, स्टेरॉइडने गोल झालेले गाल. शरयूताईंची गाडी आली की ते हात जोडून उभे राहत. "डॉक्टरीणबाई, जामीन कधी?"

"यकृत साक्ष देईल तेव्हा."

"माझ्या संत्र्यांचा सीझन चाललाय हो तिकडे!"

गोळ्या उतरत गेल्या, थांबल्या. यकृत गप्प राहिले. बरेच दिवस वाट पाहून शरयूताईंनी निकाल दिला: "तुमची सुटका. काढ्याला जन्मठेप." हॉस्पिटलातल्या शिकाऊ डॉक्टरांना त्यांनी यावरून एक मराठी शब्द शिकवला होता. भारतीय पेशंट दिसला की ती गोरीगोमटी पोरे औषधांची चौकशी झाल्यावर गंभीरपणे विचारत, "एनी घर्च?"

काकांची गाडी विमानतळाकडे वळली तेव्हा शरयूताई माझ्या पायरीवर उभ्या होत्या. "गेले," त्या म्हणाल्या. आणि मग स्वतःशीच, "जाता आलं त्यांना."

त्यासुद्धा एकदा गेल्या होत्या. आईच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन होते. परतीच्या व्हिसाचा शिक्का घ्यायला पासपोर्ट दिला आणि तो वकिलातीतच अडकला. आणखी चौकशी चालू आहे, एवढेच उत्तर मिळत राहिले. वाईच्या त्या दोन खोल्यांत त्या दिवस ढकलत राहिल्या. कॅप्सूल बर्फाच्या थर्मासमध्ये. बर्फ रोज शेजारच्या दुकानातून. कॅप्सूलची बाटली हलवली की आवाज दिवसेंदिवस पोकळ होत गेला. आई तो आवाज ऐके आणि हंडा खाली काढून घासायला घेई. चिंचेचा आंबट वास, मिठाची करकर, आणि त्या तांबड्या पोटात हळूहळू उमटणारा खोलीचा वाकडा चेहरा.

एका दुपारी शरयूताईंना ते असह्य झाले. आमच्या मागच्या अंगणात बसून, कॅप्सूलनंतरचा तास सरण्याची वाट बघत, त्यांनी मला तो संवाद जसाच्या तसा सांगितला.

"आई, पुरे कर. पाण्याने नाही झालं ते."

"डॉक्टर म्हणाले होते."

"पथ्य म्हणून म्हणाले. बाकी सगळं गाव तेच पाणी प्यायलं, कुणाला काय झालं? आमचं यकृत तांबं सोडत नाही. ते जन्मतःच असतं. आईकडून एक, वडिलांकडून एक, असं येतं."

आईच्या हातातली चिंच थांबली. "म्हणजे हंड्याचं काही नाही?"

"नाही."

"माझंच."

"आई, तसं नाही. अर्धं बाबांचं..."

"बाबा गेले. राहिले मी." आणि मग आई जे म्हणाली ते सांगताना शरयूताईंचा आवाज अगदी सपाट झाला होता. "हंडा टाकून तरी देता आला असता, शरू. मी कुठे टाकू मला?"

"इतकी वर्षं मी तेच वाक्य घोकत होते गं," त्या मला म्हणाल्या. "खरं सांगितलं की ती सुटेल. एका खोलीतून काढली आणि दुसरीत कोंडली. आणि दुसरीला तर खिडकीच नाही."

पासपोर्ट आला, त्या परतल्या. परतल्या तेव्हा त्यांच्या उजव्या हाताला बारीक कंप होता. कप बशीवर ठेवताना तो वाजे. औषध पुरवून पुरवून घेतल्याचा तो परिणाम असावा. काही दिवसांनी कंप गेला, पण पुन्हा तिकडे जाण्याची हिंमतही त्याच्याबरोबर गेली. आणि आई फोन उचलायची, पण कॅमेरा छताकडे करून ठेवायची. रोज पहाटे, वाईला दुपार कलत असताना, शरयूताईंच्या ओट्यावर एक पंखा फिरत असे. "कशी आहेस?" त्या पंख्याला विचारत. "बरी," पंखा म्हणे. लोकांच्या डोळ्यांत बघून आयुष्य घालवलेल्या त्या बाईला आपल्या आईचे डोळे दिसत नव्हते. त्यांना तेवढेच हवे होते: आईने एकदा समोर यावे, आणि त्यांच्याकडे बघावे.

मग ईशाची दिवाळी आली.

ईशा म्हणजे माझ्या मैत्रिणीची, मानसीची, मोठी मुलगी. हायस्कुलात होती. मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम शाळेच्या कॅफेटेरियात असे आणि दारातली रांगोळी वर्षानुवर्षे ईशाची. त्या वर्षी ती गुडघे टेकून बसली होती आणि चिमटीतून सुटणारी पांढरी रेघ पाण्यावरच्या सावलीसारखी थरथरत चालली होती. घरात तिच्याबद्दल तक्रारी होत्याच: चिडते, मार्क उतरलेत, तोंडातल्या तोंडात बोलते. शाळेच्या काउन्सेलरने ॲंग्झायटी ठरवली होती, गोळीही चालू होती.

शरयूताई प्लेट हातात घेऊन चालल्या होत्या. त्यांचा जेवणाचा तास नुकताच उघडला होता. त्या थबकल्या. प्लेट जमिनीवर ठेवली आणि रांगोळीशेजारी मांडी घातली.

"ही रेघ तू काढलीस?"

"सॉरी, मावशी. इट्स सो बॅड."

"सॉरी कशाला? हात दुखतो?"

"नाही. जस्ट... डझन्ट लिसन टू मी."

"हात ऐकत नाही," शरयूताई हळूच म्हणाल्या. मी त्यांच्यामागेच होते. त्यांचा चेहरा मला दिसला नाही, मान मात्र दिसली. ती ताठ झाली होती. "जरा खिडकीशी ये, बाळा."

त्या दिवशी त्यांनी पापणी ओढली नाही. हनुवटी धरून ईशाचा चेहरा उजेडाकडे वळवला, फोनचा दिवा बाजूने धरला आणि कितीतरी वेळ बुबुळांच्या कडा पाहत राहिल्या. आपल्या तपकिरी डोळ्यांत ते तपकिरी कडे लपते. नुसत्या नजरेला खात्री देत नाही. कॅफेटेरियात कुणीतरी माइकवर "चेक, चेक" म्हणत होते.

"मानसी, सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. त्यांच्या मशीनखाली बघू दे. रक्त आणि लघवी मी बघते."

"डोळ्यांचं काय मधेच? काउन्सेलर म्हणाली, ॲंग्झायटी आहे."

"असेलही. मला खोटी पाड. पण सोमवारी."

शरयूताई खोट्या पडल्या नाहीत.

त्यानंतरच्या आठवड्यात मानसी त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. मला तिने सोबत आणले होते. ती रडत नव्हती. बोटातली अंगठी काढत होती, घालत होती. मग म्हणाली, "ताई, तांब्याचा जग रोज मीच भरते. मुलींना हट्टाने पाजते. मीच केलं ना हे?"

शरयूताईंनी तोंड उघडले, आणि मला ठाऊक होते की पुढे कोणते वाक्य येणार: पाण्याने नाही, आईकडून एक, वडिलांकडून एक. ते ओठांपर्यंत आलेले दिसले आणि परत गेलेलेही दिसले.

"मानसी," त्या म्हणाल्या, "पाण्याने झालेलं नाही. आणि तूही तिला हे दिलेलं नाहीस. तुझ्याकडून आलंय, अर्धं. दिलं म्हणजे हातात धरून दिलं. आलं म्हणजे तुझा रंग आला, तुझं हे नाक आलं, तसं. तू विचारलंस का नाकाला, जाऊ का म्हणून?"

मानसीला हसू फुटले आणि त्याच्याच पाठोपाठ रडू.

"आणि ऐक. आलंय, म्हणूनच आज आपण धाकटीला तपासणार. पाण्यावर खापर फोडून बसलो असतो ना, तर तिला तपासायचं कुणाला सुचलंही नसतं." हे बोलून त्या स्वतःच थांबल्या. आपल्याच तोंडचे वाक्य कुणी दुसऱ्याने उच्चारावे तसे त्यांनी ते ऐकले असावे. त्यांचा हात ओट्याच्या कडेवर गेला आणि तिथेच राहिला.

धाकटी तारा. चारांत एक एवढीच शक्यता असते; तिच्यात ते निघाले. पण यकृताला नुकतीच कुठे झळ लागली होती, हात स्थिर होते, अक्षर मोत्यासारखे. तिचे औषध वेळेत सुरू झाले. ईशाचे बरे होणे मात्र रेंगाळले. औषध सुरू झाल्यावर आधी थोडे बिघडलेच, मग इंचाइंचाने सुधारले. त्या काळात ती एकदा शरयूताईंच्या ओट्याशी बसून म्हणाली, "सो धिस इज फॉरेव्हर?"

"फॉरेव्हर कुणाला जमलंय? रोज आहे हे. रोज जमतं." शरयूताईंनी फ्रिज उघडला, अंड्यांच्या कप्प्यातून बाटली काढली आणि तिच्या समोर कॅप्सूल गिळली. स्टीलचा पेला ओट्यावर ठेवला. तोच तो आवाज.

ईशा बघत राहिली. "वेट. यू टू?"

"मी टू," शरयूताई म्हणाल्या. "आता तासभर मला काही खाता येणार नाही. बस, गप्पा मार."

पुढच्या दिवाळीला दारात पुन्हा रांगोळी होती. रेघ पुरती सरळ नव्हती, पण ओळखू येत होती.

पंख्याची बातमी मला भिंतीतूनच कळली. एका पहाटे पेला वाजला आणि नंतरच्या त्या शांततेत प्रथमच बोलणे ऐकू आले, अस्पष्ट, थांबत थांबत. उजाडल्यावर शरयूताई पायरीवर आल्या. डोळे लाल होते. दिवसाच्या उजेडात काही लपत नाही हे त्यांनीच मला शिकवले होते.

"मी पंख्याला त्या दोन पोरींचं सांगत होते," त्या म्हणाल्या. "सांगून झालं. काही नाही. मग पंखा विचारतो, धाकटीला वेळेत कळलं ते कशामुळे? म्हटलं, मोठीमुळे. पुन्हा काही नाही. मग विचारतो, आणि तुझं?" त्यांनी पायरीवरचे पराग तळव्याने पुसले, तळवा पिवळा झाला. "म्हटलं, नंदूमुळे. तो गेला म्हणून मला तपासलं. पंखा हलला गं. हलला, आणि आईचं कपाळ आलं. नुसतं कपाळ. पण आलं."

त्यानंतर लवकरच नवऱ्याची नोकरी बदलली आणि आम्ही टेक्सासला, फ्रिस्कोला निघालो. शरयूताई कुठेच निघाल्या नव्हत्या. रांग होती तिथेच होती. आई आता विमानात बसण्याच्या पलीकडे गेली होती, आणि शरयूताई कॅप्सूलच्या थर्मासच्या अलीकडे अडकल्या होत्या. निघण्याच्या सकाळी मी निरोप घ्यायला गेले. दार उघडेच होते. ओट्यावर मिसळणाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला होता आणि त्यात पंखा नव्हता. एक म्हातारी होती. चष्म्याच्या जाड भिंगांमागे मोठे झालेले डोळे, थेट समोर रोखलेले. तिच्या मागच्या फळीवर हंडा होता, काळपट पडलेला.

"कोण आलंय गं?"

"शेजारची. आज चाललीय."

"जाऊ दे तिला. तू आधी सांग, घेतलीस का?"

"घेते, आई. हिला निरोप तर देऊ दे."

"ते काही नाही. माझ्याकडून आलंय ना तुला? मग विचारणार मीच. माझ्यासमोर घे."

शरयूताईंनी कॅप्सूल जिभेवर ठेवली. तिकडे, अर्ध्या पृथ्वीपलीकडे, म्हातारीनेही एक पेला उचलला. स्टीलचा. दोघी एकदमच प्यायल्या. दोन पेले ठेवल्याचा आवाज आला, एक ओट्यावरचा आणि एक फोनमधून, किंचित मागून.

"घेतली," शरयूताई म्हणाल्या.

"दिसलं," आई म्हणाली.

मी करून आणलेला शिरा त्यांना खाता आला नाही. तास आत्ता सुरू झाला होता. त्यांनी डबा फ्रिजमध्ये ठेवला, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि "जा, उशीर होईल," एवढेच म्हणाल्या.

गाडी मागे घेताना मी वर पाहिले. परागांचे दिवस, स्वयंपाकघराची खिडकी बंद होती, काचेच्या कडांना पिवळी भुकटी जमली होती. तिच्यामागे शरयूताई उभ्या होत्या. एक बोट त्यांनी माझ्याकडे रोखले आणि मग छताकडे नेले. मला कळले. मी गाडीची काच खाली केली, चेहरा उजेडात धरला आणि डोळे वर केले. पाइनच्या शेंड्यांमधून आकाश दिसत होते.

खाली पाहिले तेव्हा त्या मान डोलावत होत्या. ठीक. जा. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिले, आणि तास व्हायचा होता म्हणून तिथेच उभ्या राहिल्या.